पणजोबांची तिथी : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

चावडीची मागची भिंत ओलीनं फुगली होती. सकाळी आम्ही सातआठ जण गिलावा खरवडायला गेलो. खिडकीच्या डावीकडं ऑइलपेंटचे तीन थर निघाले आणि खाली पांढरा संगमरवर लागला. ओल्या फडक्यानं पुसला तेव्हा अक्षरं दिसली. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर या गावातून ३१ माणसं गेली, त्यांतल्या चौघांनी प्राण दिले. एवढंच. नाव एकाचंही नाही.

लढाई संपल्यावर इंग्रज सरकारनं अशा पाट्या गावोगाव बसवल्या. मजकूर सगळीकडं एकाच साच्यातला, फक्त आकडे वेगळे. पाटी चावडीत आहे हे म्हाताऱ्या माणसांना माहीत होतं, पण मधल्या पन्नास वर्षांत रंगावर रंग चढत गेला आणि आमच्या पिढीनं ती बघितलीच नाही.

चौघांतले एक माझे पणजोबा. घरी एवढंच सांगितलं जातं : बसऱ्याच्या लढाईला गेले, परत आले नाहीत. आज ही वही सुरू केली. काम असं ठरवलंय : चौघांची नावं शोधायची, आणि या पाटीशेजारी नावांचा दुसरा दगड बसवायचा.

१९ जानेवारी

देवघरातली चकती खाली काढली. आमच्या देवघरात खंडोबाचा, जोतिबाचा आणि पितरांचे टाक आहेत, त्यांच्या मागं एक पितळी दिसणारी मोठी चकती उभी असते. लहानपणापासून तिला आम्ही ‘देवी’ म्हणतो. नवरात्रात तिला हळदकुंकू लागतं. हातात त्रिशूळ, शेजारी सिंह. अंबाबाईच म्हणायची सगळी.

ती अंबाबाई नाही. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी सरकारनं पाठवलेली काशाची स्मृतिचकती आहे. सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची. त्रिशूळ घेतलेली बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटन देशाचं बाईच्या रूपातलं प्रतीक, आणि सिंह ब्रिटिशांचा. कडेनं इंग्रजीत लिहिलंय की स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी हा मेला. आणि उजवीकडं एका चौकटीत उठावाच्या अक्षरात नाव. हुद्दा नाही, पलटण नाही. मरणात सगळे सारखे म्हणून फक्त नाव, असा तेव्हाचा विचार होता.

चिंचेच्या कोळानं हलक्या हातानं घासलं. शंभर वर्षांच्या कुंकवाचा थर निघाला. पणजोबांचं नाव वाचता आलं तेव्हा मी ते मोठ्यानं उच्चारलं, आणि सैपाकघरातून बायको बाहेर आली, कोण आलंय बघायला.

कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, हा प्रश्न चकतीकडं बघताना मनात येतोच. तो घेऊन मी आज बसलो नाही. ज्या घरातून माणूस गेला, त्या घरानं चकतीची देवी केली. मला ती घरची गोष्ट जास्त मोठी वाटते.

नाव या वहीत लिहीत नाही. कारण पुढच्या नोंदीत.

२ फेब्रुवारी

आत्याकडं गेलो. आत्या ऐंशीची आहे. लहानपणी ती आपल्या आजीच्या, म्हणजे माझ्या पणजीच्या कुशीत झोपायची. घरात पणजीला बघितलेलं आता तीच एक माणूस.

पणजीनं जन्मभर नवऱ्याचं नाव घेतलं नाही. तेव्हाच्या बायका घेतच नव्हत्या. तालुक्याला पेन्शनीसाठी अंगठा द्यायला जायची तेव्हा कारकून विचारायचा, नवऱ्याचं नाव काय? ती गप्प. मग धाकटा दीर सांगायचा. दीर मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत गेला, १९१८ ला, त्यानंतर गावातला कुणी ना कुणी माणूस सोबत न्यावा लागायचा, फक्त नाव सांगायला. नाव घरात टिकलं ते मुलाच्या नावापुढं बापाचं नाव लागतं म्हणून.

आत्याला चकतीचं सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “देवी म्हणून कुंकू लावायलोय आमी, आन् तो हाय व्हय त्यो.” नंतर म्हणाली, “नाव पुसलं न्हाई न्हवं रे आमच्या हातानं?” नाही आत्या. उठावाचं होतं, टिकलंय.

मग तिनं जे सांगितलं त्यानं या कामाची दिशाच बदलली. आमच्या घरी पितृपंधरवड्यात प्रत्येकाचा म्हाळ त्याच्या त्याच्या तिथीला असतो. आजोबांचा अष्टमीला, पणजीचा नवमीला. पणजोबांचा तेवढा सर्वपित्रीला, कारण तिथी माहीत नाही. “अवसंला सगळ्या जगाचं जेवान असतंय. त्या गर्दीत त्येला कोन वाढणार? आजी दर साली म्हनायची, ह्येंचा दिवस मला कुनी काढून दिला असता तर.”

पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रियासुद्धा झाली नव्हती. सरकारचं पहिलं पत्र ‘बेपत्ता’ म्हणून आलं. बेपत्ता माणसाची क्रिया कशी करणार? दुसरं पत्र आलं ते मानमोडीत, घरात तीन प्रेतं असताना. ते कुणी वाचलं, कुणी ठेवलं, काही कळलं नाही.

तर नावाबरोबर दिवसही शोधायचा आहे.

आत्याची अट : नाव आधी गावच्या दगडावर लागू दे, मग कागदावर लिही. मान्य.

१५ फेब्रुवारी

ट्रंकेत अजून एक वस्तू होती. १९१४-१५ चा स्टार, ब्राँझचा. चांदीचं पदक होतं ते कुठल्या तरी दुष्काळात मोडलं, असं वडील सांगायचे. ब्राँझला सोनारानं भाव दिला नाही म्हणून स्टार राहिला. त्याच्या पाठीवर बारीक ठशात क्रमांक, शिपाई हा हुद्दा, नाव आणि पलटण : ११०.

११० म्हणजे ११०वी मराठा लाइट इन्फंट्री. ही माहिती घेऊन गल्लीतल्या निवृत्त सुभेदारमामांकडं गेलो. त्यांनी २४ वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत काढली आहेत, तरी ११० म्हटल्यावर थबकले. कारण १९२२ साली सगळ्या पलटणींचे आकडे बदलले. १०३वी झाली पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन (जंगी पलटण), १०५वी दुसरी (काली पांचवी), ११०वी तिसरी, ११६वी चौथी, ११७वी पाचवी. ११४वी ही शिक्षणाची पलटण झाली आणि तिच्यापासून बेळगावचं आजचं सेंटर वाढलं. तिसरी बटालियन पुढं छत्रीधारी झाली, म्हणजे आजची २ पॅरा. मामा म्हणाले, “अरे, मग जंगी पलटणीला नि काली पांचवीला विचारून काय मिळणार? तुझा माणूस विमानातनं उडी मारणाऱ्यांचा पूर्वज आहे.”

घरात समज होता की पणजोबा बेळगावच्या सेंटरला शिकले. ते सेंटर त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी झालं. पण बेळगावचा संबंध खोटा नाही. ११०वी ज्या ब्रिगेडमध्ये होती तिचं नावच १८वी (बेळगाव) ब्रिगेड. ती सहाव्या म्हणजे पूना डिव्हिजनची. याच ब्रिगेडमधली नॉरफोक नावाची गोरी पलटणही १९१४ ला बेळगावच्या छावणीतूनच निघाली. आपल्या कॅम्पातून मी रोज गाडीनं जातो, त्याच रस्त्यांवरून ते स्टेशनकडं चालत गेले असतील.

२ मार्च, ९ मार्च

दोन रविवार गेले. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत नाव शोधतोय. मराठी नावाची इंग्रजीत रूपं किती होतात ते आज कळलं. ळ चा ल, ण चा न, व कधी डब्ल्यू तर कधी व्ही, शेवटचा आ कधी एक ए तर कधी दोन. आडनाव असलं तर असलं. गावाचं नाव तर कारकुनाला जसं ऐकू आलं तसं. पणजोबांच्या नावाची अकरा रूपं लिहून काढली आणि प्रत्येक रूप टाकून शोधलं.

मेव्हणा म्हणाला इंडिया गेटवर बघ, सगळ्यांची नावं आहेत तिथं. सगळ्यांची नाहीत. तिथं १३,००० हून अधिक नावं कोरलेली आहेत, आणि ती कमान स्मारक आहे ७०,००० जणांचं.

१६ मार्च

सापडले.

रात्री पावणेअकरा. नववं रूप. क्रमांक स्टारच्या पाठीवरच्या क्रमांकाशी जुळतो. शिपाई, ११०वी मराठा लाइट इन्फंट्री. अमक्याचा मुलगा, अमुक गावचा, तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव. वडिलांचं नाव आमच्या वंशावळीतलंच. मृत्यूची तारीख १९१६ च्या जुलै महिन्यातली. स्मारक : बसरा.

गावाच्या नावात एक अक्षर चुकलंय. बाकी सगळं बरोबर. मी पडद्यावर बोट ठेवून पुनःपुन्हा वाचत होतो. आमच्या गावाचं नाव, तेवढ्या लांब, तेवढ्या वर्षांपूर्वी कुणीतरी वहीत लिहून घेतलेलं.

आत्याला उद्या सांगायचं ठरवलं होतं. राहवलं नाही, फोन केला. ती जागीच होती.

२३ मार्च

बसऱ्याच्या स्मारकाबद्दल वाचलं. १९१४ च्या शरदापासून ऑगस्ट १९२१ च्या अखेरीपर्यंत मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या आणि समाधी नसलेल्या ४०,५०० हून अधिक सैनिकांचं ते स्मारक. आधी बसऱ्याच्या उत्तरेला शत्त-अल-अरब नदीच्या काठी गोदीत होतं. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमानं दगडन् दगड उचलून ३२ किलोमीटरवर, नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेलं.

आणि भिंतीवर काय आहे? गोऱ्या शिपायांची नावं आहेत. हिंदी पलटणींच्या फक्त अधिकाऱ्यांची नावं आहेत. साध्या हिंदी शिपायांचा पलटणीच्या नावाखाली आकडा : आणि इतर इतके शिपाई. नावं वहीत ठेवली, दगडावर घेतली नाहीत.

हे वाचून वही मिटवली होती. आज परत उघडली. या आयोगानंच समिती नेमून चौकशी केली आणि २०२१ मध्ये मान्य केलं की त्या युद्धातल्या ४५,००० ते ५४,००० मृतांचं स्मरण असमान पद्धतीनं झालं, आणि आणखी किमान १,१६,०००, कदाचित ३,५०,००० पर्यंत, मृतांना नावानं स्मरण मिळालंच नाही किंवा मुळीच मिळालं नाही. त्यांत हिंदी, आफ्रिकी, मध्यपूर्वेकडचे लोक.

म्हणजे माणूस दोन दगडांवर आकडा आहे. चावडीच्या पाटीवर चारांतला एक, वाळवंटातल्या भिंतीवर कित्येकांतला एक. नाव राहिलं देवघरातल्या चकतीवर, आणि ते आम्ही कुंकवानं झाकलं.

२९ एप्रिल, मंगळवार

आज १०९ वर्षं झाली. २९ एप्रिल १९१६ ला इराकातलं कुत-अल-अमारा तुर्कांच्या हाती पडलं. शाळेला सुट्टी आहे, दिवसभर लिहितोय. आत्याला सांगण्यासाठी जे सलग लावलं ते इथं ठेवतो.

पूना डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये फावच्या किनाऱ्याला उतरली. टायग्रिस नदीच्या काठानं वर वर गेली. सप्टेंबर १९१५ च्या अखेरीला कुत घेतलं. बगदादची हाव सुटली. बगदादच्या अलीकडं टेसिफॉन म्हणजे सलमान पाक इथं २२ नोव्हेंबरला तुर्कांशी मोठी लढाई झाली. तिथं माणसं इतकी पडली की जनरल टाउनशेंड माघारी वळले आणि ३ डिसेंबरला थकलेली फौज कुतमध्ये शिरली. नदीच्या वळणातलं गाव, तिन्ही बाजूंनी पाणी. ७ डिसेंबरला वेढा पडला. तीन मराठा पलटणी आत होत्या : १०३, ११० आणि ११७.

जवळजवळ पाच महिने. सोडवायला बाहेरून आलेली फौज जानेवारीत हरली, मार्चमध्ये दुजैलाला हरली, एप्रिलमध्ये सन्नायातला हरली. तिचेच २३,००० च्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले. आत पीठ संपत आलं. घोडे आणि खेचरं मारून मटण द्यायला सुरुवात झाली. हिंदी शिपाई घोड्याचं मटण खाईनात. हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांकडून तारेनं परवानगी मागवली, तरी बहुतेकांनी फार उशिरापर्यंत तोंड लावलं नाही. गावी जाऊन सोयरीक कशी जुळणार, वाळीत टाकतील, ही धास्ती होती. गवतातला पाला खुडून भाजी करायचे. हिरड्यांतून रक्त यायचं.

एक गोष्ट वाचली आणि आत्याला तीच आधी सांगितली. आतमध्ये सातू होते, पण दळायला जाती पुरेनात. तेव्हा विमानातून जात्याचे दगड टाकले. आत्या म्हणाली, “जातं? वरनं?” तिनं स्वतः आजीबरोबर जात्यावर दळलंय. तिला वेढा, ब्रिगेड, जनरल यांतलं काही लक्षात राहणार नाही. पण आपल्या आज्याला जात्याचा दगड आभाळातून आला, हे तिनं धरून ठेवलं.

२४ एप्रिलच्या रात्री जुलनार नावाची बोट २७० टन धान्य घेऊन नदीतून घुसली. ती अडकली आणि तुर्कांच्या हाती गेली. पाच दिवसांनी शरणागती. पलटणीचे लोक आणि कामगार धरून १३,००० च्या आसपास माणसं कैद झाली. त्यांत पखाली होते, खेचरवाले होते, आचारी होते.

इथून पुढचं लिहायला हात जड होतो.

पहिल्या मुक्कामाला, शुमरानला, तुर्कांनी खायला दगडासारखी टणक बिस्किटं दिली. त्यांच्या शिपायांचंही तेच खाणं. पण पाच महिने उपाशी आतड्यांना ती झेपली नाहीत. पहिल्या काही दिवसांत पोट जाऊनच पुष्कळ मेले. ६ मे ला पायी निघाले. बगदाद. तिथून समारापर्यंत रेल्वे. समारापासून पुन्हा पायी : तिक्रित, मोसुल, नुसैबिन, रास-अल-ऐन. उन्हाळ्यातलं वाळवंट, पायात जोडे नाहीत, पाण्याच्या बाटलीसाठी अंगावरचे कपडे विकलेले. मागं पडला त्याला पहारेकरी दांडक्यानं उठवायचे. जो उठत नसे तो तिथंच. सेनापती टाउनशेंड यांना कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर घर मिळालं.

हिंदी कैद्यांना मुख्यतः रास-अल-ऐनला ठेवलं. बगदादच्या रेल्वेचे रूळ टाकायला. आज ते गाव सीरियात, तुर्कस्तानच्या सरहद्दीवर आहे. जुलै १९१६ मध्ये मोसुल ते रास-अल-ऐन या पट्ट्यात बरेच कैदी पसरलेले होते. पणजोबा तिथं कुठंतरी.

हरलेल्या वेढ्याचं नाव कुणी मुलांना सांगत नाही. शर्कतचं नाव सेंटरमध्ये घेतलं जातं, तिथं ११४वी मराठा ऑक्टोबर १९१८ मध्ये लढली आणि जिंकली. ते घ्यायलाच पाहिजे. पण कुतमधल्या तीन पलटणी आपल्या मर्जीनं शरण गेल्या नव्हत्या. त्यांना सेनापतीनं शरण नेलं, आणि जो हुकूम त्यांनी दिला नव्हता त्याचे हाल त्यांनी भोगले. कैदेत मेलेला शिपाई पळालेला नाही. आमच्या गावात एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, “लढाईत न्हाई न्हवं मेला? मग?” त्या ‘मग’ला उत्तर म्हणून दगडावर ‘युद्धकैदेत वीरमरण’ असं लिहायचं ठरवलंय.

११ मे

बाकीचे तीन. एक सापडला : तोही मेसोपोटेमियात, ११४वीचा, १९१७. घर खालच्या गल्लीत, मुसलमानांचं. मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या तुकड्या असायच्या. त्यांच्याकडं स्टार नाही, चकती नाही, पण कब्रस्तानात त्यांनी एक बिनअक्षराचा दगड आठवण म्हणून उभा केलेला आहे. तिसरा कानडी बोलणाऱ्या घरातला, त्याचं नाव त्यांच्या वहीत होतं. चौथ्याचं काही नाही.

१ जून

दगडाचा मजकूर. पंचायतीत पीडीओंकडं, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडं, परवानगीचा अर्ज दिला. त्यांनी कन्नड मजकूरही घाला म्हटलं. आम्ही तसंच ठरवलं होतं. मराठी आणि कन्नड, दोन्ही सारख्याच आकाराच्या अक्षरांत. भाषेवरून आपल्या भागात काय काय झालंय ते मला माहीत आहे, मी मराठी शाळेतच शिकवतो. पण चौघं एकाच आगबोटीनं गेले असतील, एकाच भांड्यातलं पीठ खाल्लं असेल. त्यांच्यात पुढचा-मागचा मी लावणार नाही.

कारागीर म्हणाला काळा दगड घ्या, अक्षर उठतं.

१५ जुलै, मंगळवार. आषाढ वद्य पंचमी

तारखेवरून तिथी काढून ठेवली होती. शके १८३८, आषाढ वद्य पंचमी. आज तीच. आषाढीनंतर नऊ दिवसांनी. त्या साली आमच्या गावची दिंडी पंढरपुराहून परतीच्या वाटेवर असेल. वाटेत गावोगाव झुणका-भाकरी, पाणी, टेकायला देऊळ. आणि त्याच दिवसांत तो तिकडं चालत होता.

पाऊस पाच दिवस थांबलेला नाही. मलप्रभेला पूर आहे. रोपलावण चालू आहे, आज बांधावर उभं राहून मी सगळ्यांना सांगितलं की पणजोबांचा दिवस आहे. बायका वाकल्या होत्या तशाच क्षणभर उभ्या राहिल्या, चिखलाचे हात जोडले, परत वाकल्या. पावसामुळं दगड आणता आला नाही. दसऱ्यानंतर बसवायचा.

१० ऑगस्ट

म्हाळाचं ठरवायला गुरुजींना बोलावलं. त्यांनी एक नवीनच प्रश्न काढला. शस्त्रानं मेलेल्याचा म्हाळ तिथीला नसतो, चतुर्दशीला असतो. पंचांगात भाद्रपद वद्य चतुर्दशीला ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ म्हणून छापलेलंच असतं. सैनिक म्हटल्यावर चतुर्दशी. पण कैदेत आजारानं, उपासमारीनं गेला असेल तर तिथी, म्हणजे पंचमी. तुमचा माणूस कशानं गेला?

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी जे वाचलं होतं ते सांगितलं : बिस्किटं, चालणं, ऊन.

आत्या म्हणाली, “उपाशी ठिवून मारलं, ते हत्यार न्हवं काय?”

गुरुजी गप्प राहिले. खरंच गप्प राहिले, उत्तर शोधत होते. मग म्हणाले, “आक्का, तुमी म्हणता ते खोटं नव्हे. दोन्ही दिवस चालतील. घरानं ठरवावं.” माझं मन चतुर्दशीकडं होतं. पंचांगात का होईना, लढाईत पडलेल्यांच्या ओळीत त्यांना बसवावं असं वाटत होतं. त्या म्हाताऱ्याचा ‘मग?’ अजून कानात होता.

आत्यानं दोन दिवस घेतले. काल निरोप पाठवला : पंचमी. “ज्या दिवशी त्येच्या पोटात काय न्हवतं, त्याच दिवशी वाढायचं.”

११ सप्टेंबर, गुरुवार. भाद्रपद वद्य पंचमी

पहाटे चारला आत्या आली. कुणाला चुलीपाशी येऊ दिलं नाही. तांदळाची खीर, उडदाचे वडे, भोपळ्याच्या घाऱ्या, गवार, कारलं, अळू, आमसुलाची चटणी. भात नेहमीपेक्षा जास्त शिजवला. परड्यातलं जुनं जातं तिनं काल धुवून घेतलं होतं, त्याच्यावर मूठभर जोंधळा दळला आणि एक भाकरी वेगळी केली. गुरुजींनी विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

चकती यंदा टाकांच्या मागं नव्हती, पाटावर होती. कुंकू लावलं, नावाची चौकट सोडून.

संकल्पात नाव घ्यायचं असतं. पूर्वी सर्वपित्रीला सगळ्यांबरोबर भरकन उरकलं जायचं. आज गुरुजींनी गोत्र, नाव, सगळं संथ घेतलं. आत्यानं डोळे मिटले होते. माझा चुलतभाऊ पुण्याहून आला, वडिलांचे मावसभाऊ निपाणीहून, सुभेदारमामा गणवेशावरचा कोट घालून. खालच्या गल्लीतल्या दोघांनी दारात येऊन नारळ ठेवला.

पान छपरावर ठेवलं. पाऊस भुरभुरत होता. वीस मिनिटं काही नाही. मग एक आला, भाकरीचा तुकडा घेऊन चिंचेवर गेला. दुसरा आला तो पानावरच बसून खात राहिला. आत्या बघत उभी होती, पदर भिजेपर्यंत. “हळू खा,” म्हणाली.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री

आज आमच्या घरी सर्वपित्रीचं पान लागणार नाही असं मी धरलं होतं. ज्यांच्यासाठी लागायचं त्यांना आता दिवस मिळाला. दहा वाजता आत्याकडं गेलो तर चूल पेटलेली.

मी विचारलं, हे कुणाचं?

“चौथ्याचं,” म्हणाली. “त्येचं घर कुठलं ते तुला सापडलं काय? न्हाई न्हवं. मग सापडूस्तवर आमच्यात जेवंल.”

दुपारी कारागिराला फोन केला. चौथी ओळ कोरू नका, पण जागा नावाएवढी सोडा. त्यानं विचारलं, नाव किती अक्षरांचं धरू? मी म्हटलं, बापाच्या नावासकट धरा.